लॅपटॉप चालू, मुदत संपलेली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी देशातील एकही संगणक बंद पडला नाही. शाळांच्या संगणक कक्षांतील, तहसील कचेऱ्यांतील, झेरॉक्सच्या दुकानांतील आणि विद्यार्थ्यांच्या घरांतील यंत्रे दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणेच सुरू झाली. तरीही त्या दिवशी एक मुदत संपली होती. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमची नियमित सुरक्षा अपडेट त्या तारखेपासून थांबली. ज्यांचा लॅपटॉप जुना आहे, त्यांच्या पडद्यावर त्याआधी कित्येक महिने एक सूचना येत होती: हे यंत्र ‘विंडोज ११’ साठी पात्र नाही. बहुतेकांनी ती सूचना एका क्लिकने बाजूला सारली.

लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे ही आपल्याकडे गल्लीतल्या संगणक दुरुस्तीवाल्यावर किंवा घरातल्या तरुण भाच्यावर सोपवण्याची गोष्ट मानली जाते. परंतु ज्या देशात राज्य सरकारांनी लाखो लॅपटॉप स्वतः खरेदी करून वाटले आणि ज्या देशात गरीब विद्यार्थ्याचा पहिला संगणक बहुधा कुणीतरी टाकून दिलेला असतो, तेथे हा प्रश्न सार्वजनिक धोरणाचा आहे. आपली सरकारे यंत्र किती रुपयांना घेतले हे विचारतात. त्यातील सॉफ्टवेअर कोणत्या वर्षापर्यंत सुरक्षित राहील, हे क्वचितच विचारले जाते.

मुदत संपते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टीम ही कोट्यवधी ओळींची आज्ञावली असते आणि एवढ्या मोठ्या रचनेत चुका राहतातच. त्या चुकांमधून आत शिरण्याच्या वाटा निघतात आणि कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्या बुजवणारी ठिगळे पाठवते. मुदत संपल्यावर ठिगळे थांबतात. वाटा सापडायच्या थांबत नाहीत. उलट धोका वाढतो, कारण जुन्या आणि नव्या आवृत्तीत आज्ञावलीचा मोठा भाग सामायिक असतो. नव्या आवृत्तीसाठी निघालेले ठिगळ उलगडून पाहणाऱ्याला जुन्या आवृत्तीतील भोक कोठे आहे, हे आपोआप कळते.

मग नवी आवृत्ती का घेऊ नये? ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या ‘विंडोज ११’ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरते. अडचण आहे ती अन्य अटींची. ‘टीपीएम २.०’ ही कूटकळा जपणारी सुरक्षा चिप हवी, ‘सिक्युअर बूट’ हवे आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो, मोजके अपवाद वगळता, आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा, म्हणजे साधारणपणे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा हवा. ३२ बिट संगणकांसाठी ही आवृत्तीच नाही. या अटींमागे सुरक्षेचे कारण आहे आणि ते खोटे नाही. चावी हार्डवेअरमध्ये असेल तर ती चोरणे अवघड जाते. तथापि २०१६ सालचा सुस्थितीतील लॅपटॉप त्यामुळे एका रात्रीत जोखमीचा ठरतो, हेही तितकेच खरे आहे. २०१५ साली याच कंपनीने ‘विंडोज ७’ वापरणाऱ्यांना पहिले वर्षभर नवी आवृत्ती विनामूल्य देऊ केली होती आणि बहुतेक जुन्या यंत्रांवर ती चालतही होती. ‘विंडोज १०’ ही शेवटची आवृत्ती असेल, असे कंपनीच्या एका प्रतिनिधीने त्या वर्षी जाहीर व्यासपीठावरून सांगितलेही होते. ग्राहकाने त्यावर विसंबून यंत्र घेतले असेल, तर त्याला भोळा म्हणता येणार नाही.

कंपनीने वाढीव मुदतीची सोय ठेवली आहे. वैयक्तिक ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळू शकतात. त्यासाठी ३० डॉलर भरावेत, कंपनीच्या बक्षीस योजनेतील १,००० गुण खर्च करावेत किंवा आपल्या संगणकाच्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर जमा ठेवाव्यात. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील नागरिकांना मात्र यांपैकी काहीच करावे लागत नाही. तेथील ग्राहक संघटनांनी आक्षेप घेतला आणि मुदत संपण्याच्या काही आठवडे आधी कंपनीने त्यांच्यासाठी अट सैल केली. कंपनीचे खाते उघडून त्यात अधूनमधून लॉगइन केले की पुरते. भारतीय ग्राहकासाठी असा आग्रह कोणी धरल्याचे दिसले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले आहे. एकाच वस्तूसाठी एका खंडातील ग्राहकाला एक न्याय आणि दुसऱ्याला वेगळा, हा प्रश्न त्याने विचारायला हरकत नव्हती.

कार्यालयांचे गणित अधिक कडक आहे. संस्थांसाठी दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे प्रत्येक वर्षी दुप्पट, असा कंपनीचा जाहीर दर आहे. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर, म्हणजे ३५ हजार रुपयांहून अधिक होतात. एवढ्या पैशांत नवा साधा लॅपटॉप येतो, आणि दर ठरवताना हाच हिशेब कंपनीच्या डोळ्यांसमोर असावा. शैक्षणिक परवाना असलेल्या संस्थांना हाच लाभ तीन वर्षांत १, २ आणि ४ डॉलर अशा नाममात्र दरात मिळतो. आपल्या किती शिक्षण विभागांनी शाळांच्या संगणक कक्षांची यादी काढून हा हिशेब मांडला असेल? २०२३-२४ च्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार देशातील ५७.२ टक्के शाळांमध्येच चालू स्थितीतील संगणक होते. ‘चालू स्थितीतील’ या शब्दांत सुरक्षा अपडेट येतात की नाही, याची मोजणी नसते.

सरकारी लॅपटॉपचे राजकीय आयुष्य मोठे विलक्षण असते. तामिळनाडूत जयललिता सरकारने सप्टेंबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली आणि पुढील काही वर्षांत ती लाखो घरांत पोहोचली. उत्तर प्रदेशात अखिलेश यादव सरकारने मार्च २०१३ मध्ये लखनौतून वाटपाला आरंभ केला. यंत्र सुरू करताच पडद्यावर मुलायमसिंह आणि अखिलेश यांची छबी झळकत असे. छबी कोणाची असावी यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली. त्या छबीखालची ऑपरेटिंग सिस्टीम किती वर्षे टिकेल, यावर झाली नाही. यंत्रांच्या त्या पिढीची ‘विंडोज ७’ ही आवृत्ती १४ जानेवारी २०२० रोजी मुदतबाह्य झाली. वाटपाचा दिवस अर्थसंकल्पात असतो, छायाचित्रात असतो, निवडणुकीच्या जाहीरनाम्यात असतो. सातव्या वर्षी येणारा हा दिवस कुठल्याच कागदावर नसतो.

वाटपाच्या रांगेबाहेर राहिलेल्यांची कथा आणखी वेगळी आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, देशातील केवळ १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक असल्याचे आढळले होते. ग्रामीण भागात हे प्रमाण ४.४ टक्के होते. ही दरी नव्या लॅपटॉपने जेवढी भरली जाते, तेवढीच जुन्यानेही भरली जाते. दिल्लीचे नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट, बेंगळुरूचा एसपी रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, अशी या व्यवहाराची ठिकाणे आहेत. मोठ्या कंपन्यांनी भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर परत केलेले लॅपटॉप गठ्ठ्याने येथे येतात. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली जाते, रॅम वाढवली जाते, बॅटरी बदलली जाते आणि यंत्र नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत विकले जाते. दुरुस्तीच्या या कौशल्याचा देशाला अभिमान वाटायला हवा.

पण मुदतबाह्यतेचा भार शेवटी याच बाजारावर पडतो. सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या यंत्रावर कंपनीच्या अटी चुकवून ‘विंडोज ११’ बसवता येते. त्याच्या क्लृप्त्या सर्वश्रुत आहेत. असे यंत्र आज नीट चालते. मात्र त्याला पुढील अपडेट मिळत राहतील, याची हमी कंपनी देत नाही. त्यात परवानाही अस्सल नसेल तर घेणाऱ्याला आपण काय घेतले, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. ज्या लॅपटॉपवरून शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, वडिलांच्या बँक खात्याचे व्यवहार करायचे, त्याच लॅपटॉपचा पाया अशा प्रकारे पोकळ राहतो. त्यात विक्रेत्याचा दोष थोडा आहे. त्याने बॅटरीची हमी द्यावी, अशी अपेक्षा ग्राहक ठेवतो; सॉफ्टवेअरच्या मुदतीची चिठ्ठी यंत्रावर लावावी, असा नियम त्याला कोणी घातलेला नाही.

हा धोका काल्पनिक नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक आणि पश्चिम बंगालच्या वीज वितरण कंपनीची काही कार्यालये त्याच्या तावडीत सापडली. या घटनेचा एक तपशील सहसा विसरला जातो. ज्या भोकातून हा हल्ला झाला, त्याचे ठिगळ कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते आणि जगभरातील बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे मुदतीतल्या ‘विंडोज ७’ वर चालणारी होती. अर्थात नवी आवृत्ती विकत घेतली म्हणजे प्रश्न संपला असे नाही. अपडेट लावण्याची जबाबदारी कोणावर आहे, हे ठरलेले नसेल तर नवे यंत्रही जुन्याइतकेच उघडे असते.

जबाबदारी ठरवली की काय होते, याचे उदाहरण देशातच आहे. ‘विंडोज एक्सपी’ची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, तरी अनेक बँकांची एटीएम यंत्रे तिच्यावरच चालत राहिली. रिझर्व्ह बँकेने प्रथम सूचना दिल्या. त्या पुरेशा ठरल्या नाहीत, तेव्हा २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने तिने थेट वेळापत्रक आखून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम आधारप्राप्त ऑपरेटिंग सिस्टीमवर यायला हवीत. परिपत्रक चार वर्षे उशिरा निघाले, हे खरे. पण त्यात तारीख होती, टक्केवारी होती आणि पालन न केल्यास कारवाईचा इशारा होता. पैसे देणाऱ्या यंत्रासाठी जी शिस्त लावता आली, ती जमिनीच्या नोंदी, जन्मदाखले आणि पोलिसांच्या तक्रारी सांभाळणाऱ्या यंत्रांना का लावता येऊ नये?

येथे मुक्त स्रोत प्रणालीचा विषय येतो आणि त्याबरोबर आपल्या धोरणातील एक जुनी विसंगतीही. चेन्नईच्या सी-डॅकने लिनक्सवर आधारित ‘बॉस’, म्हणजे ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स’, ही प्रणाली २००७ साली दिली. ती डेबियनवर उभी आहे, भारतीय भाषांत चालते, तिला परवाना शुल्क नाही. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरणही जाहीर केले; शासकीय खरेदीत बंदिस्त सॉफ्टवेअरइतकाच मुक्त पर्यायाचा विचार करावा आणि तो वगळल्यास कारण नोंदवावे, असे त्यात म्हटले आहे. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारित ‘माया’ ही प्रणाली आपल्या संगणकांसाठी स्वीकारल्याचे वृत्त आले. प्रणाली आहे, धोरण आहे, नमुनाही आहे. तरीही सामान्य सरकारी कचेरीत गेल्यास समोरच्या पडद्यावर विंडोजच दिसते.

याचे खापर कारकुनाच्या सवयीवर फोडणे सोपे, पण अन्यायाचे आहे. हिशेबनीस ज्या ‘टॅली’वर काम करतो, ते मुळात विंडोजसाठी आहे. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन लिनक्सवर ओळखला जाण्यासाठी जी खटपट करावी लागते, ती निविदेची अंतिम मुदत संध्याकाळी पाच वाजता असणाऱ्या कंत्राटदाराला परवडत नाही. उत्तरेतील हिंदी कचेऱ्यांत वर्षानुवर्षांच्या फायली ‘कृतिदेव’ फाँटमध्ये अडकल्या आहेत. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय प्रणाली बदलणे म्हणजे आपलेच दफ्तर आपल्याला वाचता येऊ नये अशी व्यवस्था करणे होय. जर्मनीतील म्युनिक शहराने मोठ्या उत्साहाने लिनक्स स्वीकारून २०१७ साली माघारीचा निर्णय घेतला, त्यामागे राजकारण होते तसेच अशा बारीकसारीक गैरसोयींचे ओझेही होते.

केरळने मात्र दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. ‘आयटी@स्कूल’ हा तेथील शाळांचा प्रकल्प २००१ पासूनचा. त्याने दशक संपण्याआधीच शालेय संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. २०१७ पासून हे काम ‘काइट’ ही सरकारी कंपनी पाहते. २०१९ साली दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर लिनक्सची नवी आवृत्ती बसवताना ३,००० कोटी रुपये वाचल्याचा दावा करण्यात आला. हा आकडा जपून घ्यावा. भागाकार केल्यास दर संगणकामागे दीड लाख रुपयांची बचत होते. प्रत्येक यंत्रावर अनेक महागडी सॉफ्टवेअर विकतच घेतली असती, असे धरले तरच हे गणित जुळते आणि सरकारी शाळा ती कधीच घेणार नव्हत्या. खरी कमाई आकड्यात नाही. केरळने पाठ्यपुस्तके त्या प्रणालीप्रमाणे लिहिली, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले, दहावीची माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा तिच्यावर घेतली आणि ‘लिटल काइट्स’ या शालेय मंडळांतून मुलांना संगणकाची देखभाल शिकवली. मुले गावकऱ्यांच्या लॅपटॉपवर ही प्रणाली बसवून देणारे ‘इन्स्टॉल फेस्ट’ भरवतात. जुना लॅपटॉप तेथे टिकतो, कारण त्याची निगा राखणारा माणूस शाळेतच तयार झालेला आहे. अन्य राज्यांनी ‘बॉस’ची सीडी पाठवली, माणूस पाठवला नाही.

घरच्या पातळीवर याचा अर्थ असा. २०१४ ते २०१७ या काळातील लॅपटॉप ६४ बिट असेल आणि त्यात ४ जीबी रॅम असेल, तर एसएसडी बसवून त्याच्यावर हलकी लिनक्स प्रणाली चांगली चालते. ब्राउझर, कार्यालयीन लिखाण, ऑनलाइन वर्ग आणि बहुतेक सरकारी संकेतस्थळे यांना ती पुरते. आधी पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहता येते. वायफाय, कॅमेरा, प्रिंटर आणि स्वाक्षरीचा टोकन ओळखला जातो की नाही, हे तपासल्यावरच मूळ प्रणालीला हात लावावा, आणि त्याआधी फायलींची प्रत बाहेर काढून ठेवावी. ज्याचे पोट टॅलीवर किंवा विंडोजवरच चालणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवर आहे, त्याने वाढीव मुदतीसाठी नोंदणी करावी आणि नव्या यंत्रासाठी पैसे बाजूला ठेवायला लागावे. २ जीबी रॅम असलेल्या ३२ बिट यंत्राला मात्र आता इंटरनेटपासून दूर ठेवणेच इष्ट.

न टिकवलेला लॅपटॉप कोठे जातो, हेही पाहायला हवे. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये तो सुटा होतो. उत्तर प्रदेशातील मुरादाबादमध्ये सर्किट बोर्ड जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढले जातात आणि त्याची राख रामगंगेच्या काठावर पडते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाचे वाढते उद्दिष्ट टाकले आहे: २०२३-२४ मध्ये ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. याच नियमांत एक शहाणी तरतूद आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. नोंदणीकृत दुरुस्तीकाराने वस्तूचे आयुष्य वाढवून तसे प्रमाणपत्र दिले, तर उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते आणि नंतर तिच्यापैकी ७५ टक्केच त्याच्या खात्यावर येते. दुरुस्तीला आर्थिक बक्षीस देण्याची ही दिशा योग्य आहे. परंतु सॉफ्टवेअरची मुदत बंद करून आयुष्य तोडणाऱ्याला नियमांत काहीच किंमत मोजावी लागत नाही. मे २०१७... ते मे २०२३ या प्रवासात सरकारचा कल कोठे राहिला, हेही स्पष्ट आहे: आयटी हार्डवेअरच्या देशांतर्गत उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी मे २०२३ मध्ये १७,००० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. नवे यंत्र बनवणाऱ्यासाठी हे पैसे आहेत. जुने यंत्र टिकवणाऱ्यासाठी वेगळी तरतूद नाही.

दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाविषयी ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. सुट्या भागांची उपलब्धता, उघडण्याची सोय यांबरोबर सॉफ्टवेअर अपडेट हाही निकष त्यात आहे. मात्र आरंभ मोबाइल आणि टॅबलेटपासून सुचवला आहे. युरोपीय संघानेही २० जून २०२५ पासून मोबाइल आणि टॅबलेटसाठी विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट देण्याचे बंधन घातले, तेथेही लॅपटॉप बाहेरच राहिला. या एका बाबतीत भारताला युरोपच्या मागे जाण्याऐवजी पुढे जाता येईल, कारण येथे सरकार स्वतःच एक मोठा ग्राहक आहे. कायद्याची वाट न पाहता निविदेतून ते हवे ते मागू शकते.

तामिळनाडूने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांत २० लाख लॅपटॉप किंवा टॅबलेट देण्याची घोषणा करून त्यासाठी २,००० कोटी रुपये ठेवले. अशा प्रत्येक खरेदीत पुरवठादाराला तीन गोष्टी लेखी विचारता येतील: या यंत्राला सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, त्यानंतर त्याच्यावर दुसरी प्रणाली बसवण्यास कोणता अडसर राहील, आणि त्या प्रणालीसाठी लागणारे ड्रायव्हर कोण पुरवील. ती तारीख यंत्राच्या पाठीवर, मुख्यमंत्र्यांच्या छायाचित्राशेजारी छापली तरी चालेल.